चिंचोक्यांचा रशिया

परवा संध्याकाळी रेडिओवर बातमी लागली की रशियाचे रणगाडे हंगेरीच्या राजधानीत शिरले, आणि आमच्या घरात जो कालवा सुरू झाला तो अजून थांबलेला नाही. थोरला नातू म्हणतो, अमेरिकेने फौज पाठवलीच पाहिजे. धाकटा म्हणतो, अणुबॉम्बचे दिवस आहेत, फौज पाठवली तर आपण इथे धारमध्ये बसल्या बसल्या भाजून निघू. सूनबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाली की इंग्रज नि फ्रेंच स्वतःच सुवेझवर जाऊन बसलेत, ते रशियाला कुठल्या तोंडाने बोलणार. दोघं पोरं अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत भांडत होती, आणि मधेच थोरला माझ्याकडे वळून म्हणाला, "आजी, तू बोल ना भिया, तेरा क्या कहना है?" आजीला भिया, म्हणजे भाऊ, म्हणतो मेला! मी म्हटलं, रशियाचं नाव काढलं की माझ्या पोटात दुखतं, मला विचारू नका. त्यांना वाटलं म्हातारी थट्टा करते आहे. थट्टा नव्हती. मी रशिया पहिल्यांदा पाहिला तो चिंचोक्यांचा होता, नानांच्या मांडीवर पसरलेला, आणि त्याच्याशी माझं जे वैर जमलं ते या पोरांच्या कुठल्याही वैरापेक्षा जुनं आहे.

नाना म्हणजे माझे वडील. आमचं घर देवासला, टेकडीच्या पायथ्याशी, थोरल्या पातीत. आता देवास ज्यांना ठाऊक नाही त्यांना हे आधी सांगावं लागतं की त्या एका गावात दोन राजे होते. पूर्वी कधी दोघा भावांनी गाव मिळवलं आणि वाटून घेतलं, त्यांचे वंश ते थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजवाडे, दोन कचेऱ्या, दोन तुरुंग, आणि आमच्या दारावरून जाणारा रस्ता हीच सरहद्द. अलीकडे आम्ही, पलीकडे धाकट्या पातीचे गोपाळकाका. आमची म्हैस दावं तोडून रस्त्यापलीकडे गेली की आत्या म्हणे, "गेली बाई परराज्यात." दोन्ही कचेऱ्यांचे टोल कधी एकदम पडत नसत, एकाचा पडून गेला की मग दुसऱ्याचा, त्यामुळे लहानपणी मला वाटायचं की प्रत्येक तास दोनदा येतो आणि पहिल्यांदा काही राहून गेलं तर दुसऱ्यांदा करता येतं. नाना थोरल्या पातीच्या मोजणी खात्यात होते. दोन पात्यांची गावं, शेतं, कुठे कुठे तर एकाच विहिरीचे दोन भाग, यांच्या हद्दी आखण्यात त्यांचा जन्म गेला.

आई गेली तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. नानांची थोरली बहीण, आमची आत्या, तिला पूर्वीच वैधव्य आलेलं, ती घर सांभाळायला आली. आत्याच्या जात्याचा आवाज, टेकडीवरच्या देवीची घंटा, आणि आठवड्यातून एकदा इंदूरहून येणाऱ्या डाकेच्या टांग्याचे घुंगरू, हे आमच्या घराचे आवाज. त्या टांग्यातून पुण्याचं साप्ताहिक येई. नाना कचेरीतून आले की पाय धुऊन ओसरीवर बसत, चष्मा पुशीत, आणि मोठ्याने वाचायला लागत. आणि त्यांच्याजवळ, अगदी गुडघ्याला गुडघा लावून, मी. तेव्हा रशियाचं नि जपानचं युद्ध पेटलेलं होतं. नानांनी एका रद्द झालेल्या शेतनकाशाच्या पाठीवर मांचुरिया, कोरिया, जपानची बेटं असं सगळं शाईने आखून घेतलं होतं. तो कागद आम्हा दोघांच्या मांड्यांवर मिळून पसरायचा. रशियाच्या फौजा म्हणजे चिंचोके, जपानच्या म्हणजे तांदूळ. ते मांडायचं काम माझं. एखादं ठाणं पडलं की नाना वाचायचं थांबवीत, माझं बोट आपल्या हातात धरीत आणि आम्ही दोघं मिळून तिथला चिंचोका उचलत असू. वाचता वाचता मधेच मान न उचलता ते म्हणत, "ऐकतेस ना गं?" मी म्हणे, "हो." त्या दोन शब्दांवर माझी सबंध संध्याकाळ चालायची. आई नसलेल्या घरात एवढी श्रीमंती मी कुणाला हात लावू देणार नव्हते.

गोपाळकाका रस्ता ओलांडून आमच्या ओसरीवर येत आणि मग इंग्रजांनी काय करावं यावर वाद होई. आज हसू येतं. पायात फाटके जोडे, डोक्यावर इंग्रजांचा पोलिटिकल एजंट, आणि हे दोघे विलायतेच्या प्रधानाला सल्ले देताहेत! पण तेव्हा त्यात गंमत काही वाटत नसे. नानांचं म्हणणं, रशियाने चीनचा मुलूख गिळला, आता कोरियावर डोळा आहे, उद्या अफगाणांच्या हिरातेवरून आपल्याकडे येईल, तेव्हा इंग्रजांनी जपानच्या बाजूने आरमार घेऊन उतरलंच पाहिजे. जपानशी तह केलाय तो काय लोणचं घालायला? गोपाळकाका म्हणत की इंग्रज शहाणा आहे, तो दुसऱ्याच्या लग्नात स्वतःचा मांडव घालणार नाही. त्यांचा स्वतःचा तोडगा निराळाच होता. मांचुरियाच्या मधोमध एक रस्ता आखावा, अलीकडचं रशियाला, पलीकडचं जपानला, दोन कचेऱ्या, दोन तुरुंग, झालं. "आपलं देवास नाही का चाललंय?" असं ते अगदी मनापासून म्हणत. नानांनाही मोजणीवाला माणूस म्हणून त्यात थोडं तथ्य वाटे, आणि एकदा तर त्यांनी नकाशावर तो रस्ता पेन्सिलीने आखूनही पाहिला. वाद फार चढला की गोपाळकाका उठून आपल्या ओट्यावर जाऊन बसत आणि तिथून ओरडत, "आता मी परराज्यातून बोलतोय, नानासाहेब!" आणि रस्त्यावरून जाणारी माणसं दोन राज्यांच्या मधून मान खाली घालून जात.

त्या पावसाळ्याच्या आधी नानांचं दुसरं लग्न झालं. मुलगी धारची. एकोणीस वर्षांची, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने घोडनवरीच. मंगळ होता म्हणे, आणि वडील अंथरुणाला खिळलेले, त्यांचं करायला दुसरं कुणी नाही, म्हणून राहून गेली. वडील धारच्या दरबारात होते, मुलगा नसल्याने सगळी विद्या त्यांनी हिलाच पाजली. वडील गेल्यावर मामाने घाईने उजवली. माळव्यात सुनेला तिच्या गावावरून हाक मारायची रीत आहे, तशी आमच्या आळीत ती धारवाली झाली. आत्या मला सांगून थकली, आई म्हण, आई म्हण. मी तिला काहीच म्हणत नसे. मनात मात्र धारवालीच म्हणायची.

ती वाईट असती तर किती सोपं झालं असतं! ती वाईट नव्हती. उंच, सावळी, कपाळ मोठं, बोलणं हळू. आणि सारखं आमच्या धारला असं, आमच्या धारला तसं. आमच्या धारला तळीच तळी, आमच्या धारला किल्ल्यावरून नालछ्याची वाट दिसते, पावसाळ्यात मांडवगडाला जाताना ढग गाडीत येऊन बसतात. आमच्याकडे तळं एक आणि त्यातही म्हशी. तिने पहिल्यांदा भुट्ट्याचा कीस केला तो दूध घालून, वर खोबरं, मंद विस्तवावर तासभर ढवळलेला. आत्या तो हिंग-मोहरीत झटपट परतून टाकायची आणि तोच जगातला एकमेव कीस अशी माझी समजूत होती. नानांनी पहिला घास घेतला. आणि वाटी पुढे केली. जेवताना वाटी पुढे करणारे नाना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की मी माझ्या पानातला कीस तसाच ठेवला, आणि मग उपाशी झोपायची वेळ आली तेव्हा आणखी चिडले, कारण वास फार चांगला येत होता.

पण स्वयंपाकघर मी तिला दिलं असतं. ओसरी माझी होती. आणि रीतही माझ्या बाजूने होती. घरात वडील माणूस असताना नवरा-बायकोने एकमेकांशी चारचौघांत बोलायचं नाही, आणि परपुरुष बसलेला असताना तर सुनेने ओसरीवर पाऊलही टाकायचं नाही. काही सांगायचंच असेल तर पोराच्या तोंडून. "जा, विचार त्यांना, भाजी कुठली आणायची." "सांग तिला, पडवळ." सगळ्या घरांत असंच चाले. त्यामुळे ती माजघराच्या दाराआड बसे, निवडाटिपायचं काही घेऊन, आणि मी ओसरीवर राज्य करीत असे. मधे तो उंबरा होता आणि मला तो उंबरा फार आवडे.

मग एके दिवशी दारामागून हाक आली. "बनू, जरा इकडे ये." मी गेले. ती तांदूळ निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "नानांना विचार, चिंचोके मुकडेनला मांडलेत ते बरोबर का? मागच्या अंकात त्यांची पिछेहाट त्याच्याही खाली थांबली होती." मी ओसरीवर येऊन शब्दन् शब्द सांगितला. खरं म्हणजे मला वाटलं की नाना रागावतील, बायकांना काय करायचंय म्हणतील. नानांनी चष्मा वर केला, मागचा अंक काढला, पाहिलं, आणि चिंचोका खाली सरकवला. स्वतःच्या हाताने, माझं बोट न धरता. मग म्हणाले, "सांग तिला, बरोबर आहे." मी उठून दाराशी गेले आणि सांगितलं. ती "बरं" म्हणाली. एवढंच. पण मी परत येऊन बसले ती त्या सरकवलेल्या चिंचोक्याकडे बघत.

त्यानंतर माझे पाय थांबले नाहीत. ती विचारी, इंग्रजांच्या तहात काय आहे ते नानांनी पुरतं वाचलं का? तहात तर असं आहे की जपानला एकच शत्रू असेल तोवर इंग्रजांनी बाजूला राहायचं, दुसरा कोणी त्याला मिळाला तरच उतरायचं. नाना म्हणत, सांग तिला, कागदावरचा तह वेगळा नि मैत्री वेगळी. मी दाराशी. ती म्हणे, सांग त्यांना, इंग्रज उतरले तर रशियाचा दोस्त फ्रान्सही उतरेल. जाऊ उतरली की नणंद उतरायचीच, मग भांडण कुणाचं होतं ते कुणाला आठवणार नाही. मी ओसरीवर. गोपाळकाका मांडीवर थाप मारून म्हणाले की धारचं पाणी आहे हे, धारचं! आणि एकदा त्यांनी आपला तो मांचुरियाच्या वाटणीचा तोडगा पुन्हा काढला, तेव्हा आतून मला बोलावून तिने सांगितलं, "काकांना विचार, देवासच्या दोन पात्या शेजारी नांदतात त्या वर एजंटसाहेब बसलाय म्हणून. रशिया नि जपानच्या वर कोण बसलाय?" मी हे म्हणून दाखवलं. गोपाळकाकांनी मला जवळ बोलावून डोक्यावर हात ठेवला. माझ्या! जणू अक्कल माझी होती. तो हात मला इतका जड वाटला की मी डोकं काढून घेतलं.

मी निरोप पोचवताना कधी एक अक्षर खाल्लं नाही की वाढवलं नाही. हा चांगुलपणा नव्हे, हट्ट होता. तिचं म्हणणं आहे तसं नानांपुढे ठेवायचं आणि मग नानांनी ते खोडून काढताना बघायचं, ही माझी आशा. पण नाना खोडून काढीनासे झाले. नुसते हसत. रोज नवा मुद्दा शोधून ठेवत आणि कचेरीतून येताच, अजून पाय धुवायचे असताना, मला म्हणत, "जा, सांग तिला, आज मला उत्तर सापडलंय." दाढी एक दिवसाआड करू लागले. पूर्वी ते वाचत तेव्हा त्यांचं तोंड नकाशाकडे असे, आता ते थोडं डावीकडे, दाराकडे वळलं होतं; आवाजही चढला होता, आत ऐकू जावा म्हणून. आणि "ऐकतेस ना गं?" हेही मोठ्याने विचारू लागले. मी शेजारी गुडघ्याला गुडघा लावून बसलेली, मला मोठ्याने विचारायचं काय कारण? मी मुद्दाम त्यांच्याहून मोठ्याने "हो" म्हणायची. ते दोघं माझ्यावरून एकमेकांशी बोलत होते आणि मी मधला रस्ता झाले होते, हे मला बाराव्या वर्षी नीट सांगता आलं नसतं, पण झोंबत होतं ते पुरेपूर. हेवा हा शब्द फार सौम्य आहे. मी जळत होते.

एकदा ती माझी वेणी घालत होती, केस ओढत नसे हाही एक राग, तेव्हा आपणहून म्हणाली, "आमच्या दादांजवळ मी अशीच बसायचे, तुझ्यासारखी. पेपर मी वाचायची, त्यांना दिसत नसे." दादा म्हणजे तिचे वडील. शहाण्या मुलीला यावर दया आली असती. मला एवढंच वाटलं की हिचा एक बाप झाला, आता माझा घ्यायला आली आहे.

दिवाळी तोंडावर आली. घरात तळणाचा वास, आत्या माजघरात चिरोटे लाटतेय, धारवाली तिच्याजवळ बसून सारण भरतेय, आणि टांग्यातून अंक आला. नानांनी उघडला आणि उभ्याउभ्याच वाचायला लागले. रशियाचं मोठं आरमार जपानशी लढायला निघालं होतं, जगाला वळसा घालून. वाटेत, विलायतेजवळच्या समुद्रात, रात्रीच्या अंधारात मासे धरणाऱ्या इंग्रज कोळ्यांच्या होड्या पाहून त्यांना वाटलं जपानी आले, आणि त्यांनी त्या होड्यांवर तोफा डागल्या. कोळी मेले. गोपाळकाका अर्धा जोडा घालूनच रस्ता ओलांडून आले. नाना अंकावर बोट आपटत होते. आता तरी! आता तरी इंग्रजांनी ते आरमार तिथल्या तिथे बुडवलं पाहिजे, गरीब कोळ्यांच्या रक्ताला काही मोल आहे की नाही? गोपाळकाका म्हणाले, माफी मागून घ्या, भरपाई घ्या आणि सोडा, कोळ्यांसाठी कोणी जगाला आग लावत नाही. नानांनी त्यांना घाबरट म्हटलं. गोपाळकाका संतापून रस्ता ओलांडून जायला निघाले, पण जाईनात. पायरीवर उभे राहिले. सगळ्यांनाच ठाऊक होतं ते कशासाठी थांबलेत. नानाही बोलायचे थांबले. दोघे पुरुष माजघराच्या दाराकडे बघत होते.

"बनू, इकडे ये," आतून आवाज आला.

मी उठले नाही. नकाशावर चिंचोके मांडत राहिले. पुन्हा हाक आली. नाना म्हणाले, "अगं, ती बोलावते आहे." मी म्हटलं, माझे पाय दुखतात. नाना म्हणाले, बसल्या बसल्या कसले पाय दुखतात? मग माझा बांध फुटला. "मी नाही जाणार. रोज रोज मी नाही जाणार. तिला तोंड नाही का?" असं मी ओरडले, आणि माझ्या हाताने चिंचोके उधळले गेले, सगळा मांचुरिया ओसरीभर. आत आत्याचं लाटणं थांबलं. रस्त्यापलीकडच्या कचेरीचा टोल पडला, मग आमच्या बाजूचा.

मला वाटलं होतं, आता नाना मला मारतील. मारलं असतं तरी चाललं असतं, निदान माझ्याकडे बघितलं असतं. नाही तर म्हणतील, राहू दे आज. म्हणजे आज तरी दारातून काही येणार नाही, आज पुन्हा मी आणि नाना. मी तेवढंच मागत होते, एक संध्याकाळ. नानांनी चष्मा काढला. मग दाराकडे तोंड करून, वडील बहीण ऐकतेय, परका माणूस पायरीवर उभा आहे, सरळ म्हणाले, "मग तूच सांग. मी ऐकतोय."

गोपाळकाकांनी चटकन पाठ फिरवली आणि रस्त्याकडे बघत उभे राहिले, कानात मात्र प्राण. आत्या काही म्हणेल म्हणून मी वाट पाहिली. आत्यानेच तर मला रीत शिकवली होती. आत्याने लाटणं पुन्हा फिरवायला सुरुवात केली, पण अगदी हलकं, आवाज होऊ नये असं.

"मारामारी करू नये," धारवाली म्हणाली. "आपल्याकडे पंचांनी एखाद्याला शिक्षा केली तर त्याला कोणी काठी मारत नाही. त्याचं हुक्का-पाणी बंद करतात. या आरमाराला अर्ध्या जगाला वळसा घालायचाय. वाटेत प्रत्येक बंदरात कोळसा लागेल, पाणी लागेल. बंदरं इंग्रजांची. कोळसा देऊ नका. ज्यांच्यावर इंग्रजांचा शब्द चालतो त्यांनाही देऊ देऊ नका. कोळ्यांचा न्याय पंचांपुढे होऊ द्या. आणि त्यांना जाऊ द्या जपानकडे, भुकेल्या चुलीनिशी. तिथे वाट बघणारे बसलेत."

नाना म्हणाले, "आणि फ्रेंचांनी दिला कोळसा तर?"

"मग फ्रेंच चोरून देतील, थोडा देतील, महाग देतील. चोरून मिळालेल्या विस्तवावर कोणी यज्ञ करीत नाही."

आणि ते दोघं बोलत राहिले. मी किती वेळ ऐकलं कुणास ठाऊक. मी मधे असताना एक प्रश्न नि एक उत्तर यांत संध्याकाळ जायची. आता प्रश्न, उत्तर, त्यावर प्रश्न, त्यावर हसू. ती हसली. नानाही हसले. गोपाळकाका रस्त्याकडे तोंड करूनच "वा" म्हणाले आणि आपल्या राज्यात निघून गेले. मी ओसरीभर रांगत चिंचोके वेचत होते. आत गेले तेव्हा आत्याने एक चिरोटा माझ्या हातावर ठेवला आणि हळूच म्हणाली, "गधडे, दार बंद होतं ते तुझ्या निरोपांमुळे बंद होतं." मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही, फक्त आत्याही गेली त्यांच्यात, एवढं वाटलं. चिरोटा मात्र मी खाल्ला.

पुढच्या अंकांतून बातम्या येत गेल्या. इंग्रजांनी लढाई केली नाही, प्रकरण पंचांपुढे नेलं. रशियाच्या आरमाराला कोळशासाठी दारोदार हिंडावं लागलं. नाना प्रत्येक बातमीला मांडीवर थाप मारत, जणू विलायतेच्या प्रधानाने आमच्या माजघरातून सल्ला नेला होता. धारवाली आता दाराआड बसत नसे, उंबऱ्यावर बसे. आत्याने एकदा तिथे तिच्यासाठी पाट ठेवला आणि विषय संपला. मला कोणी उठवलं नाही. माझी जागा तीच होती, नानांच्या गुडघ्याला गुडघा लावून. कोणी मला काही कमी केलं नाही, हेच तर सांगायची चोरी. तक्रार काय करणार?

माझं लग्न ठरलं ते तिनेच ठरवलं, आणि ठरवलं कुठलं, तर धारचं. मी इथे आले आणि या आळीत देवासवाली झाले. तिची ती तळी मी जन्मभर बघते आहे. आहेत बाई चांगली. माझी बाळंतपणं तिने केली, दुधातला कीस मीही तिच्यासारखाच करते आणि सूनबाईलाही तोच शिकवला. मंडळी विचारतात, मग पुढे गोडी झाली ना? झाली. पण जे होतं ते गेलं नाही. नाना शेवटच्या आजारात होते, मी धारहून बैलांच्या दमणीत बसून पोचले, तर उशाशी ती पेपर वाचत होती आणि नानांचे डोळे मिटलेले, तोंडावर समाधान. मी दारात उभी. तेव्हाही माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते देवाला माहीत आहे, आणि आता कागदालाही.

पण मला सांगायची होती ती त्या थंडीतली संध्याकाळ. शेगडी पेटलेली, नकाशा मांड्यांवर, आणि नानांच्या हातात ताजा अंक. महिनोन् महिने वेढ्यात असलेलं रशियाचं बंदर, पोर्ट आर्थर, पडलं होतं. नाना शाळकरी पोरासारखे भराभर वाचत होते, किल्ला, खंदक, पांढरं निशाण, आणि मधेच थांबून, मान न उचलता, त्यांनी विचारलं, "ऐकतेस ना गं?"

"हो," मी म्हटलं.

"हो," उंबऱ्यावरून आलं, त्याच क्षणी.

नानांनी मान उचलली आणि तिकडे पाहिलं. हसले, पान उलटलं आणि पुढे वाचायला लागले. मी माझं बोट पोर्ट आर्थरवर ठेवून थोडा वेळ थांबले. मग तिथले चिंचोके मी एकटीनेच उचलले.